चौघं हवेत

सोमवार, रात्री

काल उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका ताईंनी हात धरून विचारलं, "अजून बोलत नाहीत का हो? विश्वासानं मागताय ना?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आज शाळेत चौथीच्या वह्या तपासतानाही ते वाक्य डोक्यातून जाईना. पावसाळ्यात यांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा गेली. आता लेंतकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, चालू आहे. पाय थोडा उचलतो, हात नाही. शब्द तर अजून दोन-चारच, आणि तेही भलतेच. पाणी हवं असेल तर "चावी" म्हणतात, आणि आपण चुकीचं बोललो हे कळून डोळे मिटून घेतात.

विश्वासानं मागताय ना, या प्रश्नामागे दुसरा प्रश्न असतो: घरात काही पाप तर नाही ना? बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी त्याला हेच विचारलं. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनीही येशूला तेच विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूनं दोन्ही नाकारलं. योहानाच्या नवव्या अध्यायात इतकं स्वच्छ उत्तर असताना आपल्या मंडळ्यांमध्ये हा प्रश्न अजून विचारला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. आजाऱ्यावर आधीच एक ओझं असतं, त्यावर आपण आणखी एक ठेवतो.

मोबाइलवर तर रोज कोणी ना कोणी व्हिडिओ पाठवतं. तेल लावा, रुमाल ठेवा, अमुक रकमेचं बी पेरा आणि चमत्कार घ्या. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, रोज मागतेही. पण पैसे भरून मिळणारं आरोग्य हे प्रभूचं नव्हे. रक्तस्राव होणाऱ्या त्या बाईनं सगळा पैसा वैद्यांवर घालवलेला होता. प्रभूनं तिच्याकडे एक दमडी मागितली नाही.

मंगळवार

यांच्या उपचारांची प्रतिपूर्ती अजून मिळायची आहे. कंपनी सुटल्यापासून हे माझ्यावरच अवलंबून, म्हणून प्रस्ताव माझ्या नोकरीतून करायचा. बिलं, डिस्चार्ज कार्ड, प्रमाणपत्रं सगळी फाईल लावून ठेवली आहे. आज एक ओळखीचे गृहस्थ घरी आले. चहा घेताना हळूच म्हणाले, "मॅडम, फिजिओथेरपीवाल्याला रोज देताय ते कशात दाखवणार? मी औषधांच्या बिलात बसवून देतो. सगळेच करतात. आणि तुमचा खर्च काही खोटा नाही."

शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. खर्च खोटा नाही. सोसायटीचं कर्ज आहे, मुलीचं पुण्यातलं शेवटचं वर्ष आहे, मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं बँकेत आहे. चैनीसाठी खोटं बिल लावायला सांगितलं असतं तर नाही म्हणायला क्षणही लागला नसता. सैतानानं अरण्यात प्रभूला आधी राज्य देऊ केलं नाही, आधी भाकरीचं बोलला. चाळीस दिवसांच्या उपाशी माणसाला भाकरीचं सांगितलं. भूक खरी होती आणि भाकरी खाणं पाप नव्हतं. मत्तयाचा चौथा अध्याय लेंतकाळात दरवर्षी ऐकते. यंदा तो आमच्या बैठकीच्या खोलीत ऐकू आला.

मी नको म्हणाले. ते म्हणाले, विचार करा, घाई नाही. ते गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेले तर डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. या माणसानं कंपनीतून कधी एक नट घरी आणला नाही.

बुधवार

आज लिहायला हात शिवशिवतोय.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी आज विचारलं, "यांना लहानपणापासून पाठ असलेलं काय आहे? गाणी, पाढे, प्रार्थना?" मी म्हटलं, हे संडे स्कूलला शिकवायचे, पेटी वाजवायचे, निम्मं उपासना संगीत, आमचं गीतपुस्तक, तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही सुरू करा, हळू म्हणा."

मी सुरू केलं: हे आमच्या स्वर्गातील पित्या.

आणि हे म्हणाले, "तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो."

मध्ये दोन ठिकाणी शब्द एकमेकांत मिसळले. "रोजची भाकर" नीट आलं. "आमची ऋणे" अडलं. "वाइटापासून सोडव" मात्र इतकं जोरात आलं की दाराबाहेर बसलेल्या पेशंटनं आत डोकावून पाहिलं. मग ताईंनी लगेच पाण्याचा पेला दाखवून विचारलं, हे काय? आणि पुन्हा तेच, "चावी."

त्यांनी समजावून सांगितलं. स्वतः शब्द जुळवून बोलणं ही एक गोष्ट, आणि वर्षानुवर्षं म्हणून म्हणून बसलेलं म्हणणं ही वेगळी. डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेली तरी गाणी, मोजणी, प्रार्थना पुष्कळदा शाबूत राहतात. म्हणजे यात चमत्कार असा काही नाही, असं त्या थोड्या संकोचून म्हणाल्या. मला संकोच वाटला नाही. ज्यांनी हे यांच्या तोंडात इतकं खोल बसवलं त्यांची मला आठवण झाली.

ती यांची आजी. केडगावच्या मुक्तीत, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मिशनमध्ये, वाढलेली. (दौंडजवळचं केडगाव, आमच्या नगरचं नव्हे.) रमाबाईंच्या छापखान्यात ती अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली होती. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. ते जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच मुली होत्या. या आजीनं नातवाला रोज रात्री कंदिलाजवळ बसवून प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली. त्याला अर्थ कळतो का, झोप येते का, हे बघितलं नाही. आम्हा शिक्षकांना हल्ली सांगतात की घोकंपट्टी वाईट. असेल. आज मी तिच्या घोकंपट्टीपुढे हात जोडते.

आमच्या मंडळ्यांत मुक्तीचं नाव निघालं की 1905 च्या संजीवनाची, म्हणजे तिथे उसळलेल्या धर्मजागृतीची, साक्ष सांगतात. मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, आत्मा उतरला, जगभर बातमी गेली. ते सगळं खरं, आणि मोठंच. पण मला 1921 चा जुलै जास्त जवळचा वाटतो. त्या महिन्यात रमाबाईंची एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. चाळिशीची होती, मुक्तीचा भार तीच पुढे वाहणार होती. रमाबाईंनी तरुणपणी आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावली, 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत 1882 मध्ये नवरा गेला. बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या समाजानं पंडिता म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्यातले पुष्कळ लोक दुरावले. कान गेले. शेवटी मुलगीही गेली. आणि त्या पुन्हा बायबलच्या मुद्रितांवर बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, पूर्ण बायबल छापून यायला 1924 उजाडलं.

तेव्हा त्यांना काय वाटत असेल? मनोरमेनंतरच्या त्या महिन्यांत त्यांना देव जवळ वाटत होता का? मला सांगता येणार नाही. कागद पुढे सरकत होते, एवढं दिसतं. आणि टेबलापलीकडे खिळे जुळवणाऱ्या मुली होत्या.

गुरुवार

रात्रीची कौटुंबिक प्रार्थना हे चालवायचे. वचन हेच वाचायचे, मी डोळे मिटून आमेन म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मनात उद्याच्या भाजीचा विचार चालायचा. आता ते काम माझ्याकडे आलंय. मला मोठ्यानं प्रार्थना करायची सवय नाही. वर्गात चाळीस पोरांपुढे बोलते, पण देवापुढे आवाज लावला की शब्द सापडत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळक आठवतात. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या किती वर्षं वेगळ्या राहिल्या, किती रडल्या, किती भांडल्या. त्यांनी स्वतः 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या मागे फरफटत जाऊन नव्हे, स्वतःच्या मनाशी झगडून. पुढे 1919 मध्ये टिळक गेले आणि त्यांचं ख्रिस्तायन, ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य, सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलं. ते पुढे कोणी न्यायचं? लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईनं ते पुढे नेलं, आणि मोठा भाग तिनंच लिहिला. मराठीतल्या भल्याभल्या विद्वानांना हे धाडस झालं नसतं.

मी काही महाकाव्य लिहायला बसलेली नाही. मला फक्त रोज दहा मिनिटं मोठ्यानं प्रार्थना करायची आहे, शेजारी पडलेल्या माणसाला ऐकू जाईल इतक्या आवाजात. आज केली. यांनी शेवटी "आमेन" म्हटलं, आणि ते बरोबर म्हटलं.

शुक्रवार

आज काही नाही. सकाळी हे न्हाणीघरात घसरले. शेजारचे काका धावले म्हणून निभावलं, लागलं नाही. पण नंतर यांनी ताट ढकलून दिलं. मुलीचा फोन आला, तिच्याशी मी विनाकारण तुटक बोलले. रात्री बायबल उघडलं ते स्तोत्र 88. बाकीची बहुतेक विलापगीतं शेवटी वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. कोणीतरी ते मंदिरात गायलं असेल. तेवढं वाचलं आणि दिवा घालवला.

शनिवार, दुपार

शांत वाटतंय आज.

पौलाचं ते वचन आमच्या कबरस्तानात कितीतरी दगडांवर आहे: जे सुयुद्ध ते मी केले आहे, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे. माझ्या वडिलांच्या दगडावरही. वाचलं की एकटा ताठ उभा असलेला योद्धा डोळ्यांपुढे येतो. आज तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तो चौथा अध्याय शेवटपर्यंत वाचला. दगडावर न कोरलेलं त्यात किती आहे! देमास सोडून गेला. जवळ फक्त लूक आहे. त्रोवसात राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच. मार्काला बरोबर आण. आणि हिवाळ्यापूर्वी ये.

विश्वास राखला म्हणणारा माणूस त्याच कागदावर झगा मागतोय, माणसं मागतोय. मरणाच्या दारात त्याला थंडी वाजतेय आणि ते सांगायची त्याला लाज वाटत नाही. आपण मात्र साक्ष देताना हे सगळं गाळतो. आमच्याकडे साक्ष म्हणजे संकट आलं, प्रार्थना केली, संकट गेलं. ज्याचं अजून गेलेलं नाही त्यानं मागच्या बाकावर बसायचं. मला वाटतं, त्यालाच पुढे बोलवावं. कारण त्याच्या घरी उद्या कोणी जायला हवं ते मंडळीला कळेल.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातल्या पक्षघाती माणसानं स्वतः काही मागितल्याचं लिहिलेलं नाही. त्यालाही बोलता येत नव्हतं का, कोण जाणे. चौघांनी त्याला उचलून आणलं, छप्पर उसकटलं, बाज खाली सोडली. आणि प्रभूनं पाहिलं ते "त्यांचा" विश्वास. रविवारच्या त्या मंडळीतल्या ताईंना मी हे दाखवणार आहे, रागानं नाही. म्हणणार आहे, माझा कमी पडत असेल तर तुमचा घाला.

हे आजारी पडल्यापासून देवळात गेलेले नाहीत. पाळकसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देतात. पण यांना मंडळीत बसायचंय. पेटीचा आवाज आला की मान त्या दिशेला वळते. अडचण पायऱ्यांची आहे. जुनं दगडी बांधकाम, पायऱ्या उंच, कठडा नाही. चाकाची खुर्ची माझ्यानं आणि मुलीनं चढत नाही, म्हणून आम्ही आजवर कोणाला बोललोच नाही. कशाला त्रास, असं म्हणत राहिलो.

आज फोन घेऊन बसले. शेजारचे काका, ते आमच्या धर्माचे नाहीत, पहिल्यांदा त्यांनाच विचारलं. म्हणाले, "वहिनी, हे काय विचारणं झालं? किती वाजता?" तरुण संघाचा सेक्रेटरी तयार आहे. माझा मावसभाऊ राहुरीहून पहाटेच्या एसटीनं येतो म्हणाला. चौथा, ज्या मुलाला यांनी पेटी शिकवली तो, एमआयडीसीत रात्रपाळीला आहे. सकाळी सातला सुटतो, तसाच येतो म्हणाला, फक्त चहा तयार ठेवा. उपासना साडेआठला आहे. यांचा पांढरा सदरा इस्त्री करायचाय, आणि प्रस्तावाची फाईल सोमवारी आहे त्याच बिलांनिशी द्यायची आहे. त्या गृहस्थांना तसं कळवलं.