पट्टा कुठून येतो?

इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहायचं आणि रेल्वेपासून लांब राहायचं, हे जरा अवघडच. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इथला कारखाना १८४३ साली सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला. त्याच्या इमारतींत आता संग्रहालय आहे आणि ब्रँडेड कपड्यांची दुकानंही. मी जातो त्या मॉडेल रेल्वे क्लबात मात्र अजून १९३० चं दशकच चालू आहे. निवृत्त मंडळी एखाद्या सिग्नलच्या शिडीवरून तासभर वाद घालतात, तेही अगदी हळू आवाजात.

आमच्या लेआउटवरच्या, म्हणजे रूळ-स्टेशनांच्या छोट्या प्रतिकृतीवरच्या, इंजिन-शेडशेजारचं वर्कशॉप माझ्या वाट्याला आलंय. प्रमाण खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर. सहा फुटी लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन, इथे फक्त २४ मिलिमीटर! तयार मशीन विकत मिळतात, पण सगळ्यांकडे तीच दिसतात. म्हणून लेथचा बेड, म्हणजे खालचा लांब पाया, अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटमधून कापला. जोडावर ब्रशने सॉल्व्हंट टेकवलं की ते आपोआप फटीत शिरतं आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. काम धरून फिरवणारा चक म्हणजे प्लास्टिकच्या दांडीची चकती. टप्प्याटप्प्याची पुली करायला लहान होत जाणाऱ्या चकत्या एकावर एक चिकटवल्या. हँडव्हीलला जुन्या घड्याळातली चाकं.

आकार जमला म्हणजे काम झालं, असं नाही. त्या काळी बऱ्याच वर्कशॉपांत प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नसे. छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून सगळ्यांना चामडी पट्टे. आपल्या जुन्या पिठाच्या गिरणीत असायचे तसेच, पण रांगेने. त्यामुळे बघणारा आधी पट्टा कुठून येतो ते शोधतो. कारखान्यात फिटर म्हणून काम केलेल्या एका आजोबांनी माझा आराखडा पाहिला आणि एवढंच विचारलं, "आणि हा लेथ बंद कसा करणार?"

प्रश्न बिनतोड होता. एकाच्या लेथसाठी मुख्य शाफ्ट थोडाच थांबवणार! म्हणून लेथच्या वर आणखी एक छोटा शाफ्ट असतो आणि त्यावर शेजारीशेजारी दोन पुल्या. एक घट्ट, एक मोकळी. दांड्याने पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की लेथ थांबतो, बाकीचं वर्कशॉप चालूच. उलटं फिरवायचं असेल, तर पट्ट्याला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ. आता तीन इंची शाफ्टसाठी एक मिलिमीटरची पितळी तार आणि पट्ट्यांना तपकिरी कागदाच्या पट्ट्या वापरतोय. सरकवायचे दांडेही लावलेत, जरी ते बघायला बॅटरी घेऊन वाकावं लागतं.

तिकडे भारतात मॉडेलचे रूळ आणि इंजिनं महाग पडतात, हे ठाऊक आहे. पण या कामाला दोन्ही लागत नाहीत. घड्याळजीकडचा भंगाराचा डबा, बॉलपेनची पितळी टोकं, एक धारदार कटर, बस्स. माझं पुढचं मशीन चाकांचा लेथ. ग्रेट वेस्टर्नच्या कॅसल वर्गाच्या वाफेच्या इंजिनाचं सहा फूट साडेआठ इंची चाक त्यावर चढायला हवं, म्हणजे इथे जेमतेम २७ मिलिमीटर. एका आसावरची दोन्ही चाकं तो एकदमच घासतो, त्यामुळे त्याला समोरासमोर दोन हेडस्टॉक, म्हणजे चाक फिरवणारे भाग, लागतील. पट्ट्यांचं काय करायचं ते आजोबांना विचारूनच ठरवेन.