हक्कसोडीच्या टेबलावरची ओवी

माझी निम्मी वकिली हक्कसोडपत्रांवर चालते. मुळशी तालुक्यात जमिनीचे भाव चढले तशी भावांना बहिणींच्या अंगठ्याच्या ठशांची घाई झाली. दस्ताचा शेवट ठरलेला : ‘राजीखुषीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे.’ हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि तो जन्मानेच मिळतो, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं. मी हे प्रत्येकीला सांगते. त्या मान डोलावतात आणि सही करतात. हिस्सा घेतला की माहेर तुटतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

त्या दिवशी दस्त नोंदणीच्या कचेरीत साठीच्या आक्का, त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय आले होते. वडील आधीच गेलेले, आईला जाऊन वर्ष झालेलं. गावठाणातलं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं आणि कर्जाच्या कागदांवर भावाला एकट्याचंच नाव हवं होतं. मी चतुःसीमा वाचून दाखवत होते, “पूर्वेस रस्ता, पश्चिमेस...”

“आन् जात्याची खोली?”

“ती घरातच आली, आक्का.”

“घरात न्हाई, पडवीला हाय. आय तितंच दळायची. खुट्याला तिचा हात, वर माजा.”

मग कुणाकडेही न बघता, दळणाच्या चालीतच म्हणाल्या :

‘आई-बाप व्हते तवा, माहेराला चारी वाटा
माघारी त्यांच्या बाई, बसायला निस्ता ओटा’

ऑपरेटरने अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं होतं, ते तसंच राहिलं. भाऊ मोबाइलमध्ये बघू लागला.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात हा विषय पुन्हा पुन्हा येतो. आई-बापामागे घरी परतण्याच्या आपल्या छापील कवितांत झोपाळा असतो, अंगण असतं, बंद खोलीचा वास असतो. ओवीतली बाई आधी भावजयीचं तोंड बघते. ती ‘या’ म्हणते की नाही, यावर सगळं. मला ही कविता जास्त खरी वाटते.

इथे भावजयच बोलली. “वन्सं, ऱ्हाऊ द्या तुमचं नाव. म्या बी कुणाची तरी लेक हाय.”

“मग कर्ज कोण देणार?” भाऊ उसळला.

सहमालक म्हणून आक्काही बँकेत सह्या करतील, कर्जाला अडचण यायचं कारण नाही, हे मी त्याला दोनदा समजावलं. आक्का म्हणाल्या, “करते की. बांध तू घर. पर जातं उकिरड्यावर टाकशील तर बघ.”

पुकारा झाला तेव्हा आम्ही टोकन सोडून दिलं. भावाने फी निम्मीच दिली. म्हणाला, दस्त तर झालाच नाही. त्याचंही बरोबर होतं.