रंगाखालची मस्टँग

लाल मस्टँग गॅरेजात शिरली तेव्हा शेजारच्या लेथवरची पोरं हातातलं काम टाकून बाहेर आली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कास्टिंग वाहणारे टेम्पो आणि ट्रॅक्टर दिवसभर दिसतात. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन क्वचितच ऐकू येतं. रंग चकचकीत, बॉनेट आणि फेंडरमधल्या फटी एकसारख्या. हिला कधी ओरखडा तरी आला असेल असं बाहेरून बघणारा म्हणाला नसता.

गाडी घेऊन आलेला पोरगा शिरोळकडचा, ऊसवाल्या घरातला. त्याच्या वडिलांची, आण्णांची, जीप आणि ट्रॅक्टर माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याकडंच येतात.

"मेस्त्री, ब्रेक मारला की डाव्या अंगाला ओढतीया. अलाइनमेंट करून बघितली, हाय तसंच हाय. जरा बघा की."

"कुठनं घेतलीस?"

"मुंबईतनं. ऑक्शनची गाडी. पुढनं थोडं लागलं होतं, बंपर आणि लाइट बदललेत, दलाल म्हणाला."

फोर्डनं मस्टँग भारतात आणली २०१६ साली, साधारण ६५ लाखांना, एक्स-शोरूम. १९६४ पासून बनणारी ही गाडी कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगची मिळायला लागली ती याच पिढीपासून. शाळेपासून जिचं चित्र खोलीत लावलेलं, ती २४ लाखांत मिळतेय म्हटल्यावर पोरगा मुंबईला धावला, यात मला नवल वाटलं नाही.

अपघातात सापडलेली गाडी घेऊच नये, असं मी कधीच म्हणत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विम्यात ती टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात आणि मोडकी गाडी लिलावात जाते. बाहेरून आयात होणाऱ्या गाडीचे पार्ट इतके महाग असतात, की सांगाडा शाबूत असला तरी नुसत्या हेडलाइट, रेडिएटर आणि एअरबॅगच्या बिलावर ती टोटल लॉस होऊ शकते. अशा गाड्या मी स्वतः लोकांना घेऊन दिल्यात आणि त्या आजही रस्त्यावर आहेत. माझी अट एकच असते: मोडलेली असेल तशीच, कुणी हात न लावलेली घ्यायची. मोडकी गाडी काही लपवू शकत नाही. या पोराला मिळाली होती ती दुसऱ्या कुणीतरी आधीच नटवलेली.

आधी कागद बघितले. टोटल लॉस गाड्यांचे कागद चोरीच्या गाड्यांना चढवायचा धंदा जुना आहे, म्हणून आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचं पंचिंग जुळतंय का, पंचिंगभोवती घासकाम झालंय का, हे मी टॉर्च लावून पाहतो. इथं ते ठीक होतं. गाडी खरोखर त्याच कागदांची होती.

मग महामार्गावर एक चक्कर मारली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरकं धरावं लागत होतं. ब्रेक दाबला की डावीकडं झोल. पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजलेली.

पोरानं गाडी घेताना लोहचुंबक फिरवलं होतं. बॉनेटला चिकटलं नाही म्हणून तो दचकला, तर दलाल म्हणाला, अ‍ॅल्युमिनियम आहे. ते खरंच होतं. या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे दोन्ही फेंडर अ‍ॅल्युमिनियमचेच असतात. त्यामुळं तिथं लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीय की नाही हे चुंबक सांगूच शकत नाही. त्याला लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारा जाडी मोजायचा गेज लागतो. माझ्या गेजनं छतावर १२० मायक्रॉनच्या आसपास दाखवलं, उजव्या फेंडरवर जवळपास तेवढंच. डाव्या फेंडरवर आकडा हजाराच्या वर गेला. मिलिमीटरभर लांबी. तिच्या कडेला रंगाखाली बारीक फोड उठायला लागले होते. लोखंडाच्या कामात वापरलेला हातोडा आणि पॉलिशपेपर अ‍ॅल्युमिनियमवर चालवला की लोखंडाचे कण त्यात रुततात, ओल लागली की तिथून अ‍ॅल्युमिनियम कुजत जातं. म्हणून आमच्याकडं अ‍ॅल्युमिनियमची हत्यारं वेगळ्या कपाटात असतात आणि त्यांना दुसऱ्या कामाला कुणी हात लावत नाही.

बॉनेट उघडून सस्पेन्शनच्या टॉवरवर, म्हणजे चाकाचा स्ट्रट (शॉकअब्सॉर्बर) वर जिथं बोल्टनं बसतो त्या पत्र्याच्या घरावर, टॉर्च मारला आणि थांबलो. या गाडीला पुढच्या चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, कंपनीकडून अ‍ॅडजस्ट होत नाही. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळवणं, होतो; कॅम्बर नाही. तो गाडीच्या सांगाड्यातच ठरलेला असतो. इथं डाव्या टॉवरवर स्ट्रटच्या बोल्टांची भोकं कानशीनं घासून लांबट केलेली होती. कुणीतरी चाक उभं करायला टॉवरच कोरला होता.

गाडी लिफ्टवर घेतली. डाव्या बाजूच्या पुढच्या मेंबरवर, म्हणजे सांगाड्याच्या पुढं जाणाऱ्या दांड्यावर, काळं अंडरकोटिंग ताजं, जाड. उजव्या बाजूला कंपनीचा पातळ थर. खरवडलं तर खाली वेल्डिंगची ओबडधोबड रेघ निघाली. मेंबर मधून कापून दुसऱ्या गाडीचा तुकडा आडवा जोडला होता, गॅसनं तापवून. कंपनीचे स्पॉट, म्हणजे वेल्डिंगचे गोल ठिपके, सारख्या अंतरावर, सारख्या मापाचे पडतात. इथं त्या जोडावर एकही स्पॉट नव्हता.

हा भाग नुसता बंपर धरून ठेवायला नसतो. समोरून धडक बसली की मेंबरनं ठरलेल्या जागी घडी पडत चुरगळायचं, धडकेचा जोर स्वतः खायचा आणि केबिन वाचवायची, अशी त्याची रचना असते. ताकदीचं स्टील तापवलं की त्याची ताकद उतरते. असा सांधा धडकेत कुठं घडी पडेल, कुठं तुटेल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ओढण्याचं कारण सापडलं होतं. पण मेंबर कापावं लागण्याइतकी धडक बसली असेल, तर एअरबॅग उघडल्याच असणार. मग त्या कुणी, कुठून आणून बसवल्या? डॅशवरचा दिवा नियमाप्रमाणं चावी लावल्यावर लागत होता आणि काही सेकंदांत विझत होता. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट नाही. पण एअरबॅगच्या मॉड्यूलमधला, म्हणजे ती चालवणाऱ्या कंप्युटरमधला, चासी नंबर इंजिनच्या कंप्युटरमधल्या नंबराशी जुळत नव्हता. ते दुसऱ्या गाडीचं होतं.

ड्रायव्हरचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. खांद्यावरच्या कडीतून तो जिथं जातो तिथं कापडावर वितळल्यासारखी चकाकी होती. माणसाचं अख्खं वजन एका क्षणात पट्ट्यावर आलं की घर्षणानं असा डाग पडतो. म्हणजे पट्टाही अपघातातलाच होता.

बॅटरी सोडली. एअरबॅगच्या वायरिंगला हात लावायच्या आधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबावंच लागतं, कारण मॉड्यूलमध्ये वीज साठून राहते. त्या जोडणीला साधा मल्टिमीटरही लावायचा नसतो. त्याच्या करंटनंसुद्धा एअरबॅग उडू शकते. माझ्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. मग स्टिअरिंगचं मधलं कव्हर काढलं.

आत काहीच नव्हतं. कव्हर, त्यावरचा घोडा, आणि मागं पोकळी. वायरीच्या टोकाला टेप गुंडाळलेला, टेपमध्ये दोन-तीन ओहमचा एक रेझिस्टर. मॉड्यूल सतत तपासत असतं की एअरबॅगच्या सर्किटचा रोध बरोबर आहे का. रेझिस्टर लावला की त्याला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि दिवा विझतो. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्ड आतून फायबर लावून चिकटवलेला, वरून रेग्झिन ओढलेलं. त्याच्यामागंही रेझिस्टरच.

मला इतका राग आला की हातातलं कव्हर बाजूला ठेवून मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. मेंबर जोडणारा माणूस अडाणी असू शकतो. पण रेझिस्टर लावणाऱ्याला एअरबॅग काय करते हे ठाऊक असतं. दिवा कशानं विझतो हे कळायला तेवढं ज्ञान लागतंच.

पोराला आणि आण्णांना बोलावून घेतलं आणि काही न बोलता सगळं दाखवलं. पोरगा स्टिअरिंगच्या पोकळीत बघत राहिला. मग म्हणाला, "मुंबईनं येताना आई माझ्या शेजारी बसली होती."

आण्णा दरवाजाला टेकून खाली बसले.

पोरानं दलालाला फोन लावला. दलाल म्हणाला, गाडी परत घेतो, थोडे कमी करून पैसे देतो, फक्त होती तशी जोडून आणा. पोराचा चेहरा उजळला. मी सांगितलं, "परत दे, माझी काही हरकत नाही. पण कव्हर मी बसवणार नाही. ही गाडी माझ्या दारातनं उघडी जाईल, नाहीतर दुरुस्त होऊन जाईल. झाकून जाणार नाही."

"मेस्त्री, आमचं एवढं पैसं अडकल्यात," पोरगा म्हणाला.

आण्णांनी त्याला थांबवलं. "त्यो परत घेऊन दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला इकणार. किती खर्च हुईल सांगा मेस्त्री, उसाचं बिल आल्यावर बघूया."

खर्च मी लपवला नाही. सगळं नीट करायचं तर मुंबईत वाचलेल्या पैशांतले बरेचसे इथं जातील, हे कागदावर लिहून दिलं. त्यांनी होकार दिला.

पार्ट मिळवणं हेच मोठं काम होतं. फोर्डनं २०२१ साली भारतात गाड्या बनवायचं बंद जाहीर केलं, तरी सर्व्हिस आणि पार्टची व्यवस्था ठेवली आहे. मस्टँग तर मुळातच अमेरिकेतून आयात होऊन आलेली. अमेरिकेत तिचे वापरलेले पार्ट ढिगानं आणि स्वस्त मिळतात, पण तिथला डॅशबोर्ड डाव्या स्टिअरिंगचा. हेडलाइटही तिकडचा चालत नाही: त्याचा डिपर उजवीकडं झुकलेला असतो, आपल्याकडं तो समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. दलालानं बसवलेला डावा दिवा तसाच होता. म्हणून डॅशबोर्ड आणि दिवे आम्ही इंग्लंडकडून मागवले. एअरबॅग, पट्टे आणि मॉड्यूल मात्र नवेच, कंपनीच्या मार्गानं. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं, तिची वाहतूक धोकादायक माल म्हणून होते, त्यामुळं वेळ लागला. वापरलेली एअरबॅग मी कुणाच्याच गाडीला बसवत नाही.

मधल्या काळात गाडी सांगाडा ओढून सरळ करायच्या बेंचवर बांधली. सुतार दाराची चौकट काटकोनात आहे का हे कर्ण मोजून बघतो, तसंच इथं सांगाड्याच्या ठरलेल्या बिंदूंमधली अंतरं कंपनीच्या मापांशी ताडून बघायची असतात. ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. डावा टॉवर १४ मिलिमीटर मागं आणि आत गेला होता. उजवी बाजू आणि केबिन मापात निघाली, दारांच्या खांबांना काही झालेलं नव्हतं. झालं असतं तर मी गाडी तोडायलाच सांगितली असती, कारण खांबांतलं अतिकठीण स्टील ओढून सरळ करायचं नसतं.

साखळीनं थोडं थोडं ओढायचं, थांबायचं, सैल सोडायचं, मोजायचं. पत्रा थोडा परत फिरतोच, म्हणून मापाच्या जरा पुढं नेऊन सोडावा लागतो. आग कुठंही लावली नाही. आजूबाजूचा सगळा पत्रा सरळ झाल्यावर जुनं जोडलेलं मेंबर आणि कोरलेला टॉवर स्पॉट कटरनं सोडवून काढला. नवा भाग कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जोडावरच जोडला. त्याआधी त्याच जाडीच्या भंगार पट्ट्यांवर वेल्ड मारून त्या पक्कडीनं फाडून बघितल्या. वेल्ड सुटला तर मशिनची सेटिंग चुकली. पत्रा फाटून वेल्ड शाबूत राहिला तर बरोबर. माझ्याकडचा सगळ्यात जुना वेल्डर या गाडीवर दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. आतल्या पोकळीत मेण मारलं, गंजू नये म्हणून.

चाकं धरणारे खालचे दोन्ही आर्म नवे, फेंडर नवा. मॉड्यूलचं प्रोग्रामिंग अधिकृत सेंटरात करून आणलं. शेवटी अलाइनमेंटला गाडी लावली आणि कॅम्बर कुठंही कानस न लावता कंपनीच्या मापात आला. महामार्गावर ब्रेक दाबून स्टिअरिंग सोडलं. गाडी सरळ रेषेत उभी राहिली. मी आण्णांना त्याच वेळी फोन केला.

प्रत्येक टप्प्याचे फोटो, मापांचे कागद, बिलं आणि तो रेझिस्टर एका पाकिटात घालून मी फाइल केली आणि पोराला सांगितलं, ही गाडीसोबत राहील, विकलीस तरी.

गेल्या वर्षी त्यानं गाडी विकायला काढली. बेळगावचा एकजण घ्यायला आला, पोरानं त्याला सौदा ठरायच्या आधीच फाइल दिली. तो माणूस फाइल घेऊन माझ्याकडं आला. मी गाडी लिफ्टवर घेतली, मेंबरवरचा प्रत्येक जोड दाखवला, कर्ण त्याच्यासमोर पुन्हा मोजले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ठरलेल्या भावातून ३ लाख कमी करायला सांगितले. पोरानं कमी केले. आरटीओचे कागद त्याच आठवड्यात झाले.