नावाला कंस

"तुमचे वडील 33 वर्षं पटवारीच कसे राहिले? बढती मिळाली नाही का?" लग्नकार्यात, प्रवासात, पुण्यातल्या शेजाऱ्यांकडून मला हे कितीतरी वेळा विचारलं गेलंय. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

आमच्याकडे, मराठवाड्यात, तलाठ्याला अजून पटवारी म्हणतात आणि मंडळ अधिकाऱ्याला गिरदावर. निजामाचं राज्य गेलं, शब्द राहिले. अण्णा 1976 साली नोकरीला लागले तेव्हा लातूर जिल्हासुद्धा नव्हता, सगळा उस्मानाबादच. 1995 च्या उन्हाळ्यात त्यांच्या हातात गिरदावर म्हणून बढतीचा आदेश पडला, दुसऱ्या तालुक्यात. त्यांनी ती लेखी नाकारली. बढती आली होती, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पटवारी म्हटला की तो वरकमाईसाठीच जागेला चिकटला असणार, असं अनेकांना वाटतं. ते का वाटतं हे मला कळतं. पण आमच्या घरात तसं काही नव्हतं आणि नाकारण्याचं कारणही वेगळं होतं.

30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून माणसं झोपली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना किल्लारी-सास्तूर भागातली जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं मणामणाचं ओझं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास 8,000 माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे, लोक 10,000 सांगतात. अण्णांच्या सजातली, म्हणजे त्यांच्याकडे असलेल्या गावांपैकी, दोन गावं त्यात होती. मी बारा वर्षांची होते. आम्ही राहत होतो त्या गावाला नुसत्या भेगा पडल्या. उजाडायच्या आत अण्णा सायकलवर निघाले आणि सहा दिवसांनी घरी आले. पहिले दोन दिवस माणसं काढली. तिसऱ्या दिवशी कोतवालाला बरोबर घेऊन चावडीच्या ढिगाऱ्यातून लाल रुमालात बांधलेलं जमिनीच्या नोंदींचं दप्तर काढलं. वरून पाऊस सुरूच होता. चिखलाने माखलेला तो लाल रुमाल आमच्या ओसरीवर सोडला आणि आई, मी, भाऊ, आम्ही एकेक पान सुटं करून वाळत घातलं. पानाखाली हात कसा धरायचा, हे त्यांनी आम्हाला तेव्हा शिकवलं.

माणसं मेलेली असताना कागद कशाला, असं आईने विचारलंही. त्याचं उत्तर पुढच्या वर्षी पुनर्वसन सुरू झालं तेव्हा मिळालं. 52 गावं नव्या जागेवर बसवायची ठरली आणि नव्या घराचा आकार जमिनीवरून ठरला: भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरला 450, त्याहून जास्त असेल तर 750. म्हणजे आठ-अ वर, खातेदाराच्या एकूण जमिनीच्या उताऱ्यावर, किती जमीन आणि ती कुणाच्या नावावर, यावर एखादी बाई एका खोलीत राहणार की दोन, हे ठरणार होतं. आणि नावावर असलेली माणसंच राहिली नव्हती. वारस नोंदी करायच्या, म्हणजे नमुना सहा-क, वारसांची नोंदवही, भरायची, त्याच्या मागे वंशावळ हवी. पण वंशावळ सांगणार कोण? कित्येक घरांत बोलायला माणूसच शिल्लक नव्हता.

इथे एक घर सांगते, नाव-गाव न घेता. सासू, सासरा, मुलगा एकाच खोलीत गेले. सून बाळंतपणाला माहेरी होती म्हणून वाचली. नणंद लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात. चुलत सासऱ्याने अर्ज दिला की मागे कुणी नाही, जमीन आमच्याकडे यावी. बाप आधी गेला की मुलगा, हे त्या अंधारात कोण पाहणार? अण्णा रात्री कंदिलाजवळ हिंदू वारसा कायदा घेऊन बसायचे. 1956 च्या त्या कायद्यात कलम 21 आहे. दोघं एकत्र गेले आणि आधी कोण हे कळायला मार्ग नसेल, तर धाकटा मागे राहिला असं धरायचं. म्हणजे मुलगा बापाच्या नंतर गेला. म्हणजे त्याची बायको आणि तान्हं मूल वारस. आणि बापाची लेक, ती तर वारस आहेच. अण्णांनी दोघींची नावं लिहून नोटीस चावडीच्या उरलेल्या भिंतीला लावली. चुलत सासरा घरी आला. "लेक तर दिलेली हाय, तिचं नाव कामून घातलं?" अण्णा म्हणाले, "हरकत घ्या. पंधरा दिवस हायती. गिरदावरासमोर सांगा." आवाज चढवला नाही. हरकत आली, सुनावणी झाली, नोंद मंजूर झाली.

अशा नोंदींनी दोन पेट्या भरल्या होत्या आणि मधोमध बढतीचा आदेश आला. आईने खूप समजावलं. पगार वाढणार होता, भावाचं शिक्षण होतं. अण्णांचं म्हणणं एवढंच होतं की या दोन गावांच्या वंशावळी आता फक्त त्यांच्या डोक्यात आहेत, नवा माणूस त्या कुणाला विचारून लिहील? आईला ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. पुढेही एकदा विचारणा झाली, तेव्हाही त्यांनी नकार दिला. 2009 ला निवृत्त झाले ते पटवारी म्हणूनच.

शेवटची दोन वर्षं ते लातूरला डायलिसिसला जायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने गाव सांगितलं की अण्णा त्याचा गट नंबर विचारत. मग नातवंडांची नावं विसरायला लागले, पण चतुःसीमा बिनचूक येई: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचा गट, पश्चिमेस गाडीवाट. उशाशी बसून मी त्या ऐकायचे. कुणाच्या शेताच्या होत्या, कुणास ठाऊक.

2023 च्या ऑगस्टमध्ये अण्णा गेले. तिसऱ्या दिवशी ती सून आली. आता तिचे केस पांढरे झालेत, मुलगा कर्ता आहे. आईजवळ बसून रडली, पाणी प्यायली आणि माझ्या भावाला म्हणाली, "अर्ज दिला का? तीन महिन्याच्या आत द्यावा लागतो. पटवारीसाहेब म्हणायचे." मग माझ्याकडे बघितलं. "लेकीचं नाव घालताव न्हवं?"

घालायचं नाही, असं आदल्याच रात्री मी भावाला सांगितलं होतं. साडेतीन एकराची कोरडवाहू, ती आई आणि भाऊ बघतात, माझं पुण्यात सगळं बरं चाललंय. हक्कसोड करून द्यायची तयारी होती माझी. तिच्यासमोर मला ते बोलता आलं नाही. त्या संध्याकाळी भावाने अर्ज लिहिला, तीन नावं, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

आयुष्यभर अण्णा सातबाऱ्यावर मयत खातेदाराच्या नावाला कंस करत आले, म्हणजे ते नाव आता चालू नाही. "आज चार कंस केले," असं जेवताना म्हणत. मग आम्ही सगळे जरा वेळ गप्प जेवायचो. पण 2020 पासून सातबाऱ्याचा नमुना बदललाय. मयताच्या नावाला आता कंस नसतो, नावावरून आडवी रेघ जाते. फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, मंजूर झाल्यावर भावाने उतारा काढून आणला. आईने तो हातात घेतला आणि विचारलं, "कंस कुठंय?"

आता रेघ मारतात, मी सांगितलं. तिने चष्मा लावला, रेघेखालचं नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि उतारा घडी न घालता पेटीत ठेवला.