तात्या, जरा बाजूला व्हा

झोप येईना म्हणून लिहितोय. काल सांगलीजवळच्या हरिपूरला पेवाचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठाराचा, फोटो काढताना मी तात्यांना म्हणालो, "तात्या, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." एवढंच. ते "बरं बाळा" म्हणाले आणि अनवाणीच चिंचेखाली जाऊन बसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता हे घरी आल्यावर डोक्यात आलं.

ज्या पेवात त्यांनी जन्मभर हळद भरली, काढली, तिथून त्यांना उठवणारा मी कोण? मला नुसतं पेव पाहिजे होतं. बर्न्ड आणि हिला बेखर, ते जर्मन जोडपं, धान्याचे सायलो म्हणजे उंच कोठारं, पाण्याच्या टाक्या, यांचे फोटो तसेच काढायचे, मोठा कॅमेरा, ढगाळ उजेड आणि फ्रेममध्ये माणूस नाही. पण सायलो जमिनीवर उभा असतो, दिसतो तरी. पेवाचं दिसतं काय, तर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, बाकी घागरीसारखं पोट सगळं मातीखाली. आतलं तात्यांनाच माहीत. उघडल्यावर आधी कंदील सोडायचा, विझला तर कुणी उतरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं. 2005 ला पुराचं पाणी पेवांत शिरलं त्याबद्दल मात्र ते बोलत नाहीत. अप्पा असते तर... जाऊ दे.

आणि मी त्यांनाच बाजूला व्हा म्हणालो.

चार बाय पाच इंची फिल्मची एक शीट केवढ्याला पडते ते मी घरात सांगत नाही, त्यामुळे घाई नव्हतीच, काळ्या कापडाखाली अर्धा तास, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं, लेन्स थोडी पुढं झुकवून तोंडाच्या कडेपासून मागपर्यंत शार्प केलं, उजेड मोजायचा मीटर चार सेकंद म्हणत होता पण लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते म्हणून सहा दिले. टोपलं, खराटा, डबा सगळं आधीच उचलून ठेवलेलं.

आज निगेटिव्ह धुतली तर कोपऱ्यात तात्यांच्या चपला. पेवाजवळ ते चपला घालत नाहीत, लक्ष्मी आहे म्हणतात. काचेवर उलट्या बघताना मला दगड वाटले असणार. आधी शीट वाया गेली म्हणून चिडलो. मग लाइटबॉक्सवर ठेवून लूप, म्हणजे भिंग, लावून बघतच बसलो, एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलाय तेसुद्धा दिसतंय. आता त्या कोपऱ्यावरून नजर हलत नाही माझी.

होल्डरमध्ये दोन शीट आहेत अजून. रविवारी जातो, तोच शर्ट घाला म्हणून सांगतो. सहा सेकंद हलू नका म्हटलं तर तात्या हलणार नाहीत.