जमिनीचा कागद: लकोटा आणि कृष्णवर्णीय अमेरिका

मिनियापोलिसच्या विमानतळाला लागूनच, मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावर, फोर्ट स्नेलिंग नावाचा एक दगडी किल्ला आहे. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून तेथे घेऊन जाते. १८३० च्या दशकात ड्रेड स्कॉट हा कृष्णवर्णीय गुलाम या किल्ल्यात एका लष्करी डॉक्टरच्या चाकरीत होता. या प्रदेशात कायद्याने गुलामगिरीला बंदी असूनही तो गुलामच राहिला, आणि पुढे १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा स्वातंत्र्याचा दावा फेटाळून लावला. त्यानंतर पाच वर्षांनी, १८६२-६३ च्या हिवाळ्यात, याच किल्ल्याखालच्या नदीकाठी डकोटा या येथल्या मूलनिवासी समाजाची सुमारे सोळाशे माणसे कुंपणात कोंडून ठेवली होती; त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारीकोतारी होती. २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकाटो गावात अडतीस डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. ती यादी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मंजूर केली होती. त्यानंतर सहाव्या दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, त्याच लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला.

आपल्या मराठी माणसांना यातली एक बाजू चांगली ठाऊक आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. ज्यांना इतिहासाच्या पुस्तकांत ‘सू’ म्हटले जाते आणि जे स्वतःला लकोटा, डकोटा किंवा नकोटा म्हणवतात, त्यांची मात्र आपल्याला ओळख आहे ती पिसांचा टोप घातलेला ‘रेड इंडियन’ एवढीच. फुल्यांचे पुस्तक निघाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, अमेरिकी सैन्याची एक मोठी तुकडी लकोटांच्या ब्लॅक हिल्स या डोंगरांत शिरली आणि तेथे सोने असल्याची बातमी घेऊन परतली. ही घटना आपल्या वाचनात क्वचितच येते, याची मला खंत वाटते.

गेल्या दिवाळीत एका पाहुण्याने मला सरळ विचारले, की कृष्णवर्णीय आणि लकोटा या दोघांत जास्त गरीब कोण? आकड्यांत उत्तर देता येते. जनगणना विभागाच्या २०२२ च्या हिशेबानुसार देशात दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण ११.५ टक्के होते. कृष्णवर्णीयांत ते १७.१ टक्के, तर मूलनिवासी समाजांत २५ टक्के होते. साउथ डकोटातील पाइन रिज या राखीव प्रदेशाचा मोठा भाग ज्या ओग्लाला लकोटा काउंटीत येतो, ती देशातील सर्वांत गरीब काउंट्यांपैकी एक असून तेथे जवळपास निम्मी माणसे दारिद्र्यरेषेखाली आहेत. पाइन रिजबद्दल ऐंशी टक्के बेकारीचा जो आकडा वारंवार छापला जातो, तो मी वापरत नाही, कारण काम शोधणे सोडून दिलेल्यांना मोजायचे की नाही यावर तो पुष्कळच वरखाली होतो. शिवाय एका बाजूला साडेचार कोटींहून अधिक कृष्णवर्णीय, आणि दुसऱ्या बाजूला दीड-दोन लाख लकोटा-डकोटा. ही तुलना टक्केवारीत मांडली की संपल्यासारखी वाटते, आणि मला तेच खटकते. मिळकतीच्या आकड्यापेक्षा जमिनीचा कागद कोणाच्या हाती होता, तो कसा गेला आणि जो उरला त्याचे काय करता येते, हे पाहिल्यावरच या दोन दारिद्र्यांची घडण वेगळी आहे हे कळते.

मिनेसोटातील डकोटांपासूनच सुरुवात करते. १८५१ च्या करारांनी त्यांनी दक्षिण मिनेसोटातील बहुतेक जमीन सोडली आणि बदल्यात दरवर्षी ठराविक रक्कम मिळायची ठरली. करारावर सही करायला आलेल्या प्रमुखांपुढे आणखी एक कागद सरकवण्यात आला होता. त्यानुसार व्यापाऱ्यांच्या वहीतील उधारी आधी वळती होणार होती. हक्काची रक्कम हाती पडण्यापूर्वीच सावकाराच्या घरी जाण्याचा हा प्रकार आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. १८६२ च्या उन्हाळ्यात ती वार्षिक रक्कम वेळेवर आली नाही, व्यापाऱ्यांनी उधार देणे थांबवले, कोठारात धान्य असताना माणसे उपाशी राहिली आणि युद्ध पेटले. रकमेचे सोने फोर्ट रिजलीला पोचले ते युद्धाला तोंड फुटले त्याच दिवशी, १८ ऑगस्टला. दक्षिणेत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना थोड्याच वर्षांत अशीच वही भेटली. मळेवाल्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवायचा, बी-बियाणे आणि मीठ-पीठ त्याच्याच दुकानातून उधार घ्यायचे, आणि हंगामाच्या शेवटी हिशेब त्यानेच सांगायचा. पुष्कळ कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची कमाई या हिशेबात गेली.

येथपर्यंत दोघांची कहाणी सारखी आहे. जमिनीपाशी आली की ती फुटते.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत मुळात जमीन मिळालीच नाही. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी दक्षिणेतील किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी द्यायचा हुकूम काढला, त्यावर सुमारे चाळीस हजार माणसे वसली, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. तरीही या माणसांनी पैसा-पैसा जोडून १९१० पर्यंत सुमारे दीड कोटी एकर जमीन विकत घेतली, याची आठवण फारशी कोणी काढत नाही. १९२० च्या जनगणनेत कृष्णवर्णीय शेतकरी सव्वानऊ लाखांच्या घरात होते. आज ते पन्नास हजारांच्याही खाली आहेत. यातली बरीच जमीन वारसाहक्काच्या वाटेने गेली. मृत्युपत्र करायला वकिलाकडे आणि कोर्टात जावे लागे, आणि त्या कोर्टावर विश्वास ठेवण्याजोगे काही घडलेले नव्हते. म्हणून जमीन नातवंडा-पतवंडांच्या नावे सामाईक होत गेली; मग शिकागोला गेलेल्या एखाद्या चुलतभावाचा हिस्सा कोणी बाहेरचा विकत घेई, कोर्टात वाटणीचा दावा लावी आणि सगळी जमीन लिलावात पडेल भावाने उचली.

लकोटांकडे जमीन होती आणि ती करारानेच मान्य केलेली होती. १८६८ च्या फोर्ट लॅरामी कराराने ब्लॅक हिल्ससकट मिसूरी नदीच्या पश्चिमेचा साउथ डकोटाचा जवळजवळ सगळा भाग त्यांच्याकडे राहणार होता, आणि त्यातली जमीन सोडायची तर तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या लागणार होत्या. सोने सापडल्यावर ‘डोंगर द्या, नाहीतर शिधा बंद’ अशी अट घालण्यात आली, जेमतेम दहा टक्के सह्या जमल्या, आणि १८७७ च्या कायद्याने ब्लॅक हिल्स काढून घेतले गेले. पुढे १८८७ च्या डॉझ कायद्याने सामुदायिक जमीन कुटुंबवार तोडून देण्याचे धोरण आले, आणि ‘वाटून उरलेली’ जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. देशभरातील मूलनिवासींची जमीन १८८७ मध्ये सुमारे १३.८ कोटी एकर होती, ती १९३४ पर्यंत ४.८ कोटींवर आली.

जी उरली तिची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. वाटून दिलेली ही जमीन सरकारकडे विश्वस्त म्हणून राहिली. मूळ मालक वारला की त्याचे वारस लागत गेले, प्रत्यक्ष जमीन मात्र कधी मोजून वाटली गेली नाही. आमच्या गावच्या एका गटाच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावे आहेत आणि बांधावरचे झाड तोडायचे तरी माझ्या काकांना चार घरी फिरावे लागते. पाइन रिजवर एकेका तुकड्याला शंभर-दोनशे वारस असणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा जमिनीवर घर बांधायचे तर सहहिस्सेदारांची संमती हवी, आणि गहाण टाकायची तर केंद्र सरकारच्या इंडियन व्यवहार विभागाची मंजुरी हवी. बँक सहसा त्या भानगडीत पडत नाही. मग जमीन शेजारच्या पशुपालकाला भाड्याने जाते, भाडे सरकारी खात्यात जमा होते, आणि त्यातून मालकाच्या नावे काही सेंटांचे धनादेश निघतात. या खात्यांच्या हिशेबातील शंभर वर्षांच्या गोंधळाबद्दल ब्लॅकफीट जमातीच्या एलुईज कोबेल यांनी सरकारला कोर्टात खेचले, आणि २००९ मध्ये ३.४ अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

मी पाइन रिजवरून एकदाच गेले आहे, बॅडलँड्स पाहून परतताना. रस्त्यापासून दूर, गवताळ उतारावर एकेकटी उभी असलेली पत्र्याची फिरती घरे आणि त्यांच्या छपरांवर वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले जुने टायर, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. घरासाठी कर्ज मिळत नाही म्हणून माणसे असे घर घेतात. पक्क्या घराची किंमत वर्षागणिक वाढते, याची घटत जाते. आईबापांनी मुलाला मागे ठेवावे असे त्यात काही उरत नाही.

शहरातील कृष्णवर्णीयांची अडचण याच्या उलट्या दिशेने येते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख माणसे दक्षिण सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. त्यांना डेट्रॉइटचे मोटार कारखाने, शिकागोचे कत्तलखाने, टपाल खाते, रेल्वेची चाकरी आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संघटना मिळाल्या. संख्या होती, म्हणून मतांचे वजन आले. अशी वाट लकोटांना जवळजवळ नव्हतीच. १९५० च्या दशकात सरकारने त्यांना शहरांकडे पाठवायला सुरुवात केली तेव्हा पुष्कळजण मिनियापोलिसच्या फ्रँकलिन अव्हेन्यूच्या आसपास पडक्या घरांत येऊन राहिले. पण कृष्णवर्णीयांच्या हाती पगार आला तरी घराचा कागद आला नाही. सरकारी गृहकर्जाच्या नकाशांत त्यांच्या वस्त्या लाल रंगाने वगळल्या गेल्या, आणि १९४७ मध्ये मिसिसिपीतील तेरा शहरांत माजी सैनिकांच्या कायद्याखाली हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी अवघी दोन कृष्णवर्णीयांना मिळाली. आमच्या शेजारच्या सेंट पॉलमध्ये राँडो नावाची कृष्णवर्णीयांची नांदती पेठ होती. १९५० आणि ६० च्या दशकांत महामार्ग तिच्या मधोमध काढला गेला. मी त्याच रस्त्याने रोज कामावर जाते. २०२२ मध्ये मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची मालमत्ता सुमारे ४४,९०० डॉलर होती आणि गोऱ्या कुटुंबाची २,८५,०००. पगारातील तफावत इतकी मोठी नाही. हा फरक मागच्या पिढ्यांना न मिळालेल्या घरांचा आहे.

या दोन समाजांना एकमेकांसमोर उभे केले गेले, तेही भाकरीच्याच कारणाने. मुक्त झालेल्या गुलामाला महिना तेरा डॉलरची खात्रीची नोकरी म्हणजे लष्कर, आणि त्यामुळे डिसेंबर १८९० मध्ये, वुंडेड नी येथे सैन्याने केलेल्या लकोटांच्या हत्याकांडाच्या दुसऱ्या दिवशी, पाइन रिजवर लकोटांच्या वेढ्यात सापडलेल्या सातव्या घोडदळाला सोडवायला धावले ते कृष्णवर्णीय सैनिकांचे नववे घोडदळ. शंभर वर्षांनी मात्र दोघे एकाच दारात उभे राहिले. कृषी खाते पिककर्ज देताना भेदभाव करते, असा दावा १९९७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या टिमोथी पिगफोर्ड यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वतीने लावला, आणि १९९९ मध्ये त्याच तक्रारीवर दुसरा दावा स्टँडिंग रॉक या सू राखीव प्रदेशातील जॉर्ज आणि मेरिलिन कीप्सीगल या दांपत्याच्या नावाने उभा राहिला. दोन्हींत सरकारला तडजोड करावी लागली. कीप्सीगल प्रकरणात २०१० मध्ये कर्जमाफी धरून ७६ कोटी डॉलर ठरले. कर्ज मिळाले असते तर किती शेते टिकली असती, त्याची भरपाई कोणत्याच रकमेत झालेली नाही.

कॅसिनोंमुळे ‘इंडियन’ श्रीमंत झाले, हे वाक्य मी येथील मराठी मंडळींच्या गप्पांतही ऐकते. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर शाकोपी डकोटांचा मिस्टिक लेक कॅसिनो आहे आणि त्या काही शे सभासदांची जमात खरोखर अतिशय श्रीमंत आहे, कारण तीस-पस्तीस लाख वस्तीचे महानगर त्यांच्या दाराशी आहे. पाइन रिजवरही कॅसिनो आहे. जवळचे मोठे शहर रॅपिड सिटी, तेही बऱ्याच मैलांवर. भूगोलाने एकाच लोकांतील दोन जमातींचे नशीब असे वेगळे केले.

आणि तरीही याच गरीब लकोटांनी पैसे नाकारले आहेत. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्सची जमीन बेकायदा घेतल्याचे मान्य केले आणि १८७७ पासूनच्या व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. रक्कम सरकारी खात्यात वाढत वाढत एक अब्जाच्या पुढे गेली आहे. जमातींनी ती उचललेली नाही, कारण उचलली की विक्री मान्य केल्यासारखे होईल. ज्यांच्या घराच्या छपरावर टायर ठेवलेले आहेत त्यांनी हे करावे, हे माझ्या पाहुण्यांना पटत नाही. मला पटते. कृष्णवर्णीय समाज नुकसानभरपाई मागतो तेव्हा तो हिरावलेल्या श्रमाचे आणि नाकारलेल्या घराचे मोल मागत असतो, आणि ते पैशातच मागणे रास्त आहे. लकोटांची मागणी डोंगरांची आहे, आणि ते डोंगर अजून तेथेच आहेत.

२०१२ मध्ये ब्लॅक हिल्सच्या मध्यावरील पे स्ला हे लकोटांचे पवित्र गवताळ पठार खासगी मालकाने विकायला काढले. रोझबड, क्रो क्रीक, स्टँडिंग रॉक आणि कॅसिनोवाल्या शाकोपी जमातींनी मिळून सुमारे नव्वद लाख डॉलर उभे केले आणि एकोणीसशेहून अधिक एकर जमीन बाजारभावाने विकत घेतली. त्या वेळीही सरकारी खात्यातील त्या रकमेला कोणी हात लावला नव्हता.