आखाजीची घागर

आमच्या कॉलनीत झाडांचा सण पावसाळ्यात नव्हे, तर अक्षय्य तृतीयेला साजरा होतो. नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या वस्तीतून पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर समोरच दिसतो आणि वस्तीतली निम्मीअधिक घरे मालेगाव, बागलाण, धुळे, जळगाव या भागांतून आलेली आहेत. या माणसांसाठी अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरण्याचा, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवून पूजा करण्याचा, लेकी माहेरी येण्याचा दिवस. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या आजींनी घरातली पूजा आटोपल्यावर आणखी एक घागर भरली, ती कमरेवर घेऊन मोकळ्या भूखंडावर गेल्या आणि पानगळ झालेल्या एका करंजाच्या आळ्यात त्यांनी ती हळूहळू रिती केली. कुणी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "ह्यालाबी तहान लागती ना बाबा." पुढच्या वर्षी त्यांच्यामागून आणखी सात-आठ घरांतल्या घागरी निघाल्या आणि आता तो आमचा रिवाजच झाला आहे.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांविषयी मला आदर आहे. केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची सुरुवात केली, तेव्हा त्यांनी जुलैचा पहिला आठवडा निवडला, तो योग्यच होता, कारण रोप मूळ धरते ते ओल्या मातीत. मात्र नाशिकचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच जवळजवळ सगळा पडून जातो आणि त्यानंतरचे आठ महिने कोवळ्या रोपाने कुणाच्या भरवशावर काढायचे, हा प्रश्न जुलैमधल्या छायाचित्रात दिसत नाही. आमच्या भूखंडावर पहिल्यांदा रोपे लावली, तेव्हा पाहुणे आले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मार्चअखेर त्यांतली बहुतेक रोपे काडीसारखी वाळली होती. ती मी स्वतःच्या हाताने उपटली. उपटताना लक्षात आले की काहींच्या मुळांभोवतीची काळी प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी काढली नव्हती. मुळे आतल्या आत गोल फिरून एकमेकांना आवळत राहिली होती. त्या दिवशी झालेले दुःख अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

त्यानंतर आम्ही सगळे नव्याने शिकलो. आमच्याकडे वरच्या वीतभर मातीखाली कठीण मुरूम लागतो आणि इमारतींच्या बांधकामाचा राडारोडा त्यात मिसळलेला असतो, म्हणून खड्डे आम्ही मे महिन्यातच घेतो. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वरची माती वेगळी ठेवायची, खड्ड्याला चांगले ऊन खाऊ द्यायचे, मग तीच माती शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून परत भरायची. रोप लावल्यावर त्याभोवती आळे करायचे आणि दिवाळीनंतर त्या आळ्यात वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन पसरायचे. ही पाने जाळायची नाहीत, यासाठी आम्हाला दोन वर्षे समजूत घालावी लागली. आच्छादनाखालची माती उन्हाळ्यातही हाताला गार लागते आणि त्यामुळे पाणी आठवड्यातून दोनदा दिले तरी पुरते. फेब्रुवारीपासून प्रत्येक घराला दोन झाडे वाटून दिलेली असतात. गावाला जायचे असेल तर शेजाऱ्याला सांगून जायचे, इतकाच नियम आहे.

कोणती झाडे लावावीत, यावर आमच्यात बराच वाद झाला. गुलमोहर लवकर वाढतो आणि सुंदर दिसतो, हे मलाही मान्य आहे. पण तो मूळचा मादागास्करचा, त्याचे लाकूड ठिसूळ, आणि वळवाच्या वादळात रस्त्यावर आडवी पडलेली झाडे पाहिली की त्यांत गुलमोहर हटकून सापडतो. अखेरीस नाशिकच्याच एका नावाने वाद मिटवला. पंचवटी म्हटले की आपण पाच वडांची कथा सांगतो, परंतु शास्त्रात पंचवटीची दुसरीही गणना आहे, तिच्यात पिंपळ, बेल, वड, आवळा आणि अशोक ही पाच झाडे येतात. ती पाचही लावायची असे ठरले. वड आणि पिंपळ भूखंडाच्या दूरच्या कडेला, विजेच्या तारांपासून आणि घरांच्या पायांपासून लांब लावले. अशोकाच्या बाबतीत मात्र आमची फसगत झाली. रोपवाटिकेतून अशोक म्हणून आणलेले झाड सरळसोट वाढणारा आसुपालव निघाला. केशरी फुलांच्या गुच्छांचा खरा सीता-अशोक पुढच्या वर्षी मिळाला, आणि त्याला आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन सोसत नाही म्हणून त्या आजींच्या करंजाच्या सावलीत जागा दिली. तो करंज आता दुमजली घराएवढा झाला आहे.

सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकसहभागातून उभी राहिलेली 'नाशिक देवराई' पाहायला मी मुलांना घेऊन गेलो होतो. देशी झाडांची ती दाटी बघून एका मुलीने विचारले, "काका, इथे उन्हाळ्यात पाणी कोण घालतं?" आमच्या कॉलनीत वाढलेल्या मुलीला हाच प्रश्न पहिल्यांदा सुचावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

आखाजीच्या संध्याकाळी, घागरी रित्या झाल्यावर, आमचा आणखी एक छोटा विधी असतो. ज्या झाडाने तीन उन्हाळे काढले, त्याची आधाराची बांबूची काठी त्या दिवशी सोडायची. सुतळी कापण्याचा मान त्या झाडाला पाणी घालणाऱ्या घरातल्या सर्वांत लहान मुलाचा. सुतळी सुटल्यावर खोड जरासे हलते, मग स्थिर होते, आणि सगळे टाळ्या वाजवतात. त्या वेळी ताम्हण बहुधा जांभळ्या फुलांनी भरलेला असतो. यंदा बेलाची आणि आवळ्याची काठी निघणार आहे. बांबू अजून चांगले आहेत. ते पुसून, त्यांची टोके डांबरात बुडवून ठेवायची आहेत, कारण दक्षिणेकडच्या कुंपणालगत दोन नवे खड्डे घ्यायचे ठरले आहे, एक बहाव्यासाठी आणि एक उंबरासाठी.